दहातला एक खिळा

शिंदखेड्यात ज्याच्या घरी सोफा आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वनाभाऊंना काही विचारायचं, तर आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचं. ओठ मिटलेले आणि डावा गाल जरासा फुगलेला दिसला की गाडी तशीच पुढे न्यायची. आत खिळे आहेत.

बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं दुकान. 'सोफा, दिवाण, रिक्षाचे हूड, ट्रॅक्टरचे सीट' अशी पाटी. त्या पाटीखाली कुणीतरी खडूने लिहून ठेवलेलं, 'मालक बोलत नाहीत.' वनाभाऊंनी ते पुसलं नाही. उलट पावसाने पुसट झालं तेव्हा त्यांना जरा वाईटच वाटलं.

त्यांची कामाची रीतच तशी. अर्ध्या इंचाचे बारीक खिळे एका वेळी दहा तोंडात घ्यायचे. दहा म्हणजे दहा. नऊ नाही, अकरा नाही. डाव्या हाताने रेक्झिन ताणून त्याची घडी दाबून धरायची. जिभेने एक खिळा फिरवून डोक्याकडून ओठांत आणायचा. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक. ते ओठांशी नेलं की खिळा चट्कन चिकटतो, आणि पुढच्या क्षणी लाकडात. ओठ, टक. ओठ, टक. नजर कापडावरून हलत नाही. बत्तीस वर्षांत एक खिळा सांडला नव्हता, एक गिळला नव्हता. पिना मारायची गन बाजारात आली, तेव्हा मोतीलाल मंडपवाला ती हातात नाचवत आला होता. "एक मिनिट, वनाभाऊ, एकच मिनिट! दख, ठक ठक ठक, झाला सोफा!" त्यावर वनाभाऊंनी तोंडातले दहाच्या दहा खिळे हातावर काढले आणि म्हणाले, "पिन नवरदेवले झेली. नवरदेवना मामा बसना म्हंजे काय?" हे त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब भाषण.

खिळ्यांचा दुसराही एक फायदा होता, आणि तो वनाभाऊंनी कधी कुणाला सांगितला नाही. तोंडात खिळे असलेल्या माणसाकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही.

"वनाभाऊ, सोफा कव्हय दिशात?"

"हं."

"दिवाळीना आधी?"

"हं."

"नही तं दिवाळीना नंतर?"

"हं."

गिऱ्हाईक डोकं खाजवत निघून जायचं. त्या 'हं'चा अर्थ 'ऐकू आलं' एवढाच, हे सगळ्या गावाला कळून चुकलं होतं. त्यांची बायको बेबाबाई तर पाहुण्यांना सांगायची, "मंगलाष्टक चालू व्हतं ना, तवयबी ह्या मानूसना तोंडमा खिळाच व्हतात. आंतरपाट निंघना, मी दखं, गाल फुगेल!"

ते 'हं' वाचता यायचं फक्त रोहिणीला. त्यांची मुलगी. पाचवीत होती तेव्हापासून शाळा सुटली की सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला येऊन बसायची आणि रेक्झिनचा दुसरा काठ ओढून धरायची. नाकातून आलेलं हं म्हणजे ताण. घशातलं हं म्हणजे ढील दे. दोनदा हं म्हणजे चहा सांग. लांबलेलं हं म्हणजे गिऱ्हाइकाला घालव. ती आता एकोणीस वर्षांची झाली होती, कॉलेजात जात होती, आणि रोज पहाटे मैदानावर धावत होती. पोलीस भरतीसाठी. धुळ्याला देवपुरात एक अकॅडमी होती, मुलींची राहायची सोय असलेली, तीन महिन्यांची. महिना लागता लागता तिने विचारलं होतं, "आबा, मी जाऊ का धुळाले? एकतीस तारखेपावत नाव देनं पडस. तुम्हले तठे येवानं लागी."

वनाभाऊंच्या तोंडात सहा खिळे होते.

"हं," ते म्हणाले.

आणि सगळी हं वाचणाऱ्या रोहिणीला हे एक हं वाचता आलं नाही.

खरं सांगायचं तर वनाभाऊंच्या मनात उत्तर होतं. ते 'नको' असं होतं. पोर एकटी धुळ्यात कशी राहील, लोक काय म्हणतील, असलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं; त्यांच्या पोरीच्या वाटेला जायची शिंदखेड्यात काय, धुळ्यातही कुणाची टाप नव्हती. त्यांचं कारण वेगळं होतं, आणि ते इतकं बारीक होतं की बापाने तोंडाने सांगावं असं त्यांनाच वाटेना. म्हणून मग त्यांनी रोज सकाळी जरा लवकरच खिळे तोंडात टाकायला सुरुवात केली.

त्यातच डावीकडची खालची शेवटची दाढ ठणकायला लागली.

बेबाबाईचा भाऊ भिकन जळगावला राहतो. जगात त्याचा माणूस नाही असं एकही खातं नाही. तो म्हणाला, "दाजी, जळगावले या. आपला मानूस शे. हात लावस अन् दाढ बाहेर!" आपल्या माणसाने सव्वा तास घेतला. दाढेचं मूळ वाकडं निघालं. तरुण डॉक्टर घामाघूम झाला होता, पण आवाज गोड. "बेसिकली काका, तोंड जरा जड वाटेल. दोन-तीन तास. मग एकदम ओके."

दोन दिवस कापसाच्या बोळ्यात गेले. रोहिणीने तोंड उघडलं की वनाभाऊ कापसाकडे बोट दाखवायचे. तिसऱ्या दिवशी बोळा गेला, सूज गेली, दुखणं गेलं. जडपणा गेला नाही.

खालचा ओठ डावीकडून अर्धा. त्याखालची हनुवटी. जिभेची डावी कड. बरोबर मधोमध रेघ मारल्यासारखं. उजवीकडे वनाभाऊ, डावीकडे दुसराच कुणीतरी. रात्रीतून कुणी येऊन आपल्या गालात फोम भरून वर रेक्झिन चढवून गेलंय, असं त्यांना वाटायचं. तेही कच्च्या कारागिराने, कारण कुठे टाका नाही की कुठे कड सापडत नाही. दाढी करताना कापलं ते आरशात लाल दिसल्यावर कळायचं. चहाचा घोट आत गेला असं वाटायचं आणि शर्ट ओला व्हायचा. जेवताना गाल चावला जायचा, आणि त्याची खबर भाकरीवर लागलेल्या रक्तातून मिळायची. हनुवटीवर वरण आहे, हे बेबाबाई सांगायची. चारचौघांत सांगायची. मोठ्याने सांगायची. "आवो, डाया बाजूले! तठे नही, डाया!"

आणि खिळे. चौथ्या दिवशी त्यांनी दहा खिळे तोंडात घेतले. जिभेने पहिला फिरवला. फिरला की नाही, जीभ काही सांगेना. ओठांत आणला, आला की नाही, ओठ काही सांगेना. हातोडी ओठांशी नेली, तोवर लाळेची एक तार लोंबली आणि तिच्या टोकाला खिळा मोतीलालने भरायला टाकलेल्या सोफ्याच्या नव्याकोऱ्या मरून रेक्झिनवर पडला. वनाभाऊंनी उरलेले नऊ हातावर थुंकले आणि तासभर कुणाशी बोलले नाहीत. म्हणजे नेहमीसारखंच, पण या वेळी रागाने.

लोहचुंबक डबीत घातलं तर खिळ्यांचा झुपकाच चिकटतो, आणि हाताने डबीतून खिळा उचलायचा तर घडी सोडावी लागते. घडी सोडली की सुरकुती पडते. सुरकुती पडली की उपसा, पुन्हा ताणा. जो सोफा दोन दिवसांत व्हायचा तो आठवडे उलटले तरी उघड्या पोटाचाच पडून राहिला.

त्यांनी जळगावला फोन लावला.

"बेसिकली काका, नस जरा दुखावली आहे. तुटलेली नाहीये. येईल हळूहळू."

"कधी?"

"काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. व्यक्तीवर अवलंबून असतं."

वनाभाऊंनी फोन ठेवला. बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांना जे ते देत आले होते, तेच त्यांना आज मिळालं होतं. डॉक्टरने गोड आवाजात, 'हं'ला नीट कपडे घालून, 'हं'च म्हटलं होतं.

गावाने औषधं सांगितली. लवंग धरा. लवंग धरू नका. गरम मिठाचं पाणी. बर्फ. कुणी म्हणालं शिट्टी वाजवत जा, नस मोकळी होते; वनाभाऊंनी एकदा मागच्या खोलीत वाजवून बघितली, तर नुसता वारा आणि थुंकी. मोतीलाल दर दोन दिवसांनी सोफ्याचं पोट बघायला यायचा. "एक मिनिट, वनाभाऊ, एकच मिनिट. मी काय म्हणतो, उजवीकडनी दाढबी काढी टाका. दोन्ही बाजू सारख्या व्हतीन. बॅलन्स!"

पण सगळ्यात वाईट गोष्ट ही नव्हती. तोंड रिकामं दिसायला लागल्यावर लोक उत्तरासाठी थांबायला लागले. प्रश्न विचारायचे आणि उभे राहायचे! "सोफा कव्हय?" वनाभाऊ सवयीने हं म्हणायचे, आणि समोरचा म्हणायचा, "हं काय? तोंडमा तं काही नही!" एकदा वैतागून त्यांनी 'बुधवारी' म्हटलं, आणि तो गडी खरंच बुधवारी आला. घरी बेबाबाईने तीस वर्षांचे तुंबलेले प्रश्न काढले. तुम्हले मनी भेंडीनी भाजी आवडस का नही? पहिलेपासून आवडत नही का? मंग तीस वरीस काब्र खादी?

रोहिणी मात्र पुन्हा विचारत नव्हती. कापड धरायची, बघायची, आणि महिन्याचा एकेक दिवस कमी व्हायचा.

एकतीस तारखेला सकाळी अकरा वाजता ती दुकानात आली. कापडाच्या टोकाला बसली नाही. समोर उभी राहिली.

"आबा, आज एकतीस. पाच वाजता यादी बंद व्हस."

तेवढ्यात बेबाबाई डबा घेऊन आली, आणि तिच्या हातात फोन, आणि फोनवर स्पीकर चालू करून भिकन. "दाजी, बोला ना काहीतरी! त्या अकॅडमीवाला सर आपला मानूस शे! पोरनं वरीस वाया जाई! हो म्हना, नही म्हना, पन तोंड उघाडा!"

तीन बाजूंनी तीन तोंडं. वनाभाऊंनी डबीत हात घातला. दहा खिळे मोजले आणि तोंडात टाकले.

"हाई दख!" बेबाबाई ओरडली. "आत्ते टाकना खिळा! तीन आठवडा नही टाकना, आत्ते टाकना!"

टाकले तर मग ठोकायलाही हवेत. वनाभाऊ खाली वाकले आणि मोतीलालच्या सोफ्याला भिडले. ओठ, टक. जमलं. ओठ, टक. रागाने जमतं म्हणतात तसं जमत होतं. दोन खिळे निसटून मांडीवर पडले. सात लाकडात गेले. वनाभाऊ थांबले.

सात आणि दोन नऊ.

त्यांनी जीभ फिरवली. जीभ उजवीकडे गेली, सगळं बघून आली. डावीकडे गेली आणि आल्या पावली मुकाट परत आली. त्यांनी मांडी झटकली, सोफा झटकला, लुंगी झटकली. रोहिणीने न विचारता हातोडी घेतली आणि तिचं लोहचुंबक जमिनीवरून फिरवलं. चार गंजके खिळे आले, एक सेफ्टी पिन आली. चकचकीत, नवा असा एकही आला नाही.

"कितला व्हतात?" रोहिणीने विचारलं.

वनाभाऊंनी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली आणि मग एक बोट मिटलं.

बेबाबाईने डबा खाली ठेवला. "गिळा! खिळा गिळी टाका ह्या मानूसनी!"

"केळा द्या!" फोनमधून भिकन गरजला. "दाजी, आयका! सहा केळा! मना सासरा फैजपूरना शे, केळाना बागमा जलम गया त्याना. तो म्हनस, पोटमा काही टोचाळ गयं म्हंजे केळा खावाना. खिळा केळामा गुंडाई जास अन् दुसरा दिवस आपोआप..."

"भाऊ, पुढलं नको सांगू, डबा उघाडा शे," बेबाबाई म्हणाली आणि केळी आणायला धावली.

सहा केळी. डावीकडून चावता येत नाही म्हणून उजवीकडून, चावली तर गाल चावला जाईल म्हणून जवळजवळ न चावता. एकेक केळं घशाखाली ढकलताना वनाभाऊंच्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि अर्धं केळं हनुवटीवरून परत येत होतं. समोरच्या पानटपरीवरून चार माणसं हे बघत होती. त्यातलं एक म्हणालं, "आज वनाभाऊना उपास शे का?"

"धुळाले चला," रोहिणी म्हणाली. "एक्स-रे काढनं पडी."

धुळे. वनाभाऊंनी तिच्याकडे बघितलं. आजच बरं धुळे?

पण पोटात खिळा असलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. बेबाबाई दुकानात थांबली, आणि बापलेक पावणेबाराच्या एस्टीत बसले. वनाभाऊ खिडकीशी. प्रत्येक खड्ड्याला ते पोट धरत होते. रोहिणीच्या मांडीवर एक फाइल होती.

"फाइल कसाले?"

"एक्स-रेना कागद ठेवाले."

फाइलच्या कडेतून तिच्या फोटोंचं पाकीट डोकावत होतं. वनाभाऊंनी ते बघितलं, त्यांनी बघितल्याचं तिनेही बघितलं, आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. कपाशीची शेतं मागे जात होती. पोटात खिळा, शेजारच्या सीटवर प्रश्न, आणि तोंड साफ रिकामं. असा उघडा पडल्यासारखा प्रवास त्यांनी जन्मात केला नव्हता. बरं, पोरीने विचारावं तर विचारतही नव्हती. विचारलं असतं तर निदान चिडता तरी आलं असतं.

धुळ्याच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अडीच वाजले. एक्स-रेवाला माणूस दिवसभर तेच तेच बोलून एकाच सुरात अडकला होता. "शर्ट काढा, साखळी काढा, ताईत काढा, चावी काढा, इथं उभे राहा, श्वास घ्या, धरा... सोडा. पुढचा." मग काचेमागे गेला आणि सूर सोडून म्हणाला, "काका, खिळा कुठंय?"

"पोटमा."

"नाही ना पोटात."

"दहा लिधा व्हतात."

"काका, मशीन खोटं बोलत नाही."

"बत्तीस वरीस मोजी ऱ्हायनू मी," वनाभाऊ म्हणाले, आणि 'मोजी'तल्या 'म'ला ओठ मिटला नाही म्हणून लाळ गळली, आणि त्यांना इतका संताप आला की त्यांनी शर्ट उलटा घातला.

पुन्हा काढला. छातीचा काढला. श्वास घ्या, धरा, सोडा. खिळा नाही. शेवटी आतल्या खोलीतून एक वयस्क डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. "आ करा," म्हणाल्या. रोहिणीने मोबाइलची बॅटरी धरली. बाईंनी हातमोजा घातलेलं बोट डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीच्या शेजारी घातलं आणि पिवळट, चिकट केळ्याचा गोळा बाहेर काढला. तो चिमटीत दाबला. आत खिळा होता. चकचकीत, नवा.

भिकनच्या सासऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं होतं. खिळा केळ्यात गुंडाळला गेला होता. फक्त पोटाऐवजी गालात.

"चार तास!" बाई म्हणाल्या. "चार तास गालात खिळा, आणि तुम्हाला कळलं नाही?"

"तो गाल मना नही शे," वनाभाऊ म्हणाले.

बाईंनी आतली जखम बघितली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि बोट नाचवून सांगितलं. "बधिरपणा जाईपर्यंत तोंडात काहीही धरायचं नाही. खिळा नाही, पिन नाही, सुपारीसुद्धा नाही. समजलं? हं नको. समजलं का?"

"समजनं," वनाभाऊ म्हणाले.

बाहेर लिंबाखाली बाक होता. तिथे बसले तेव्हा पावणेचार झाले होते. रोहिणीने खिळा कागदात बांधून घेतला होता. ती एकदम हसायला लागली. "केळामा, आबा! सहा केळा!" आणि हसता हसता तिचं तोंड बारीक झालं. ती घड्याळ बघत नव्हती. म्हणजे बघत होती, पण बापाला दिसणार नाही असं.



"तू काब्र इचारत नही?" वनाभाऊ शेवटी खेकसले.

"काय इचारू? महिना लागना तवयच इचारं. तुम्ही खिळा खादात."

वनाभाऊंनी रुमालाने हनुवटी पुसली. ओली होती की नाही कोण जाणे, पुसली.

"कापड कोन धरी?" ते म्हणाले.

"कोनतं कापड?"

"सोफानं. तू गई म्हंजे पल्ला टोकले कोन धरी?"

आधी रोहिणीला कळलंच नाही. मग कळलं, आणि ती बाकावरून उठली.

"म्हंजे कापड? महिनाभर माले झोप नही, आबा! माले वाटनं तुमना पोरवर भरोसा नही. माले वाटनं लोकेस्ना बोलाना धाक शे तुम्हले. म्हनून मी रोज गुमान कापड धरू, का आज बोलतीन, उद्या बोलतीन. अन् तुम्ही रेक्झिनना इचार करी ऱ्हायनात? एक खुंटी ठोका ना पलीकडे! खुंटीले बांधा!"

शेजारच्या बाकावरची म्हातारी कान देऊन ऐकत होती. वनाभाऊंना पुष्कळ काही सांगायचं होतं. पाचवीतल्या पोरीच्या इवल्याशा मुठी रेक्झिनला कशा लोंबकळायच्या. खुंटीला हं कळत नाही. घशातलं कोणतं, नाकातलं कोणतं. हे सगळं बत्तीस वर्षं खिळ्यांमागे साठलं होतं, आणि आता दार उघडं असताना अर्धा दरवाजाच जाम झाला होता. 'ब' म्हणायला गेलं की ओठ फडफडत होता. त्यांनी ओठाला बोटाने आधार दिला.

"कापडबी," ते म्हणाले.

एवढंच. रोहिणी उभी होती ती हळूच खाली बसली. तिने त्यांच्या हातातला रुमाल घेतला आणि त्यांची हनुवटी, डावी बाजू, नीट पुसली. बेबाबाईसारखं ओरडून न सांगता.

"चाल," वनाभाऊ म्हणाले. "पाचले बंद व्हस ना."

अकॅडमीचे सर निवृत्त हवालदार होते. मैदानावरचा आवाज ते खोलीतही तसाच वापरायचे. "पालक कोण? तुम्ही? परवानगी आहे?"

वनाभाऊंनी मान हलवली.

"मान नको! गेल्या वर्षी एकीच्या बापाने अशीच मान हलवली, आणि चौथ्या दिवशी जीप भरून भाऊबंद घेऊन आला. मान नाही, हं नाही, हुं नाही. तोंडाने! पूर्ण वाक्य!"

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार. खोलीत आणखी चार पालक, सहा मुली. वनाभाऊ उभे राहिले.

"मनी आंडेर, मनी पोर रोहिणी," ते म्हणाले. "तिले मनी परवानगी शे."

'म' ओठातून सुटला, 'प' बरोबर लाळेचा एक टपोरा थेंब उडाला आणि सरांच्या रजिस्टरवर, बरोबर सहीच्या रकान्यात पडला. एक मुलगी फिसकन हसली. सरांनी थेंबाकडे बघितलं, वनाभाऊंकडे बघितलं.

"ऐकू नाही आलं. जोरात!"

वनाभाऊंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी ओठाला बोट लावलं आणि खिडकीबाहेरच्या मैदानावरही ऐकू जाईल असे ओरडले, "परवानगी शे! शे! आते लिखा!"

सरांनी बाहीने थेंब टिपला आणि लिहिलं.

रोहिणी सोमवारी गेली. जाताना तिने सोफ्याच्या पलीकडे खरंच एक खुंटी ठोकून ठेवली होती. वनाभाऊंनी कापड खुंटीला बांधलं. 'हं' म्हणाले. खुंटी हलली नाही. 'हं,' जरा नाकातून. काहीच नाही. त्यांनी खुंटी उपटली.

मंगळवारी बेबाबाई डबा घेऊन आली ती बसलीच. पदर खोचून पलीकडचा काठ धरला. घडी सोडता येत नाही म्हणून खिळेही तिच्याच तळहातावर. वनाभाऊंनी हातोडीचं लोहचुंबक तिच्या हाताशी न्यायचं, खिळा उचलायचा, टक. चांगली रीत होती. दोन खिळे चांगले गेले. तिसऱ्याला तिने मूठ मिटली.

"रोहिणीले फोन कया का?"

"हं."

"हं नही. कया का?"

"कया."

मूठ उघडली. टक.

चौथ्याला पुन्हा मिटली. "जेवनी का ती?"

"जेवनी."

टक.

"मोतीलालले सोफा कव्हय दिशात?"

वनाभाऊंनी डबीकडे बघितलं. हात आपोआप दहा खिळे मोजून तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि परत डबीत गेला. डावा गाल अजूनही दुसऱ्याचाच होता. "शुक्रवारी," ते करवादले.

टक. मग भेंडी. मग भिकनचं जेवण कधी ठेवायचं. मग गच्चीवरचा पाइप. अकराव्या खिळ्याला बेबाबाईचा आवाज खाली आला, आणि मूठ मात्र आणखी घट्ट.

"पोर गई... सुनं वाटस का तुम्हले?"

वनाभाऊंनी घडी दाबून धरली होती. हातोडी हवेत होती. 'हं' ओठापर्यंत आलं होतं, पण त्या ओठावर आता भरवसा नव्हता.

"वाटस," ते म्हणाले.

मूठ उघडली. टक.

तीन माणसांच्या सोफ्याला चारशे खिळे लागतात.